साथीच्या काळातील धर्मग्राम: नागपूरच्या पॅरिश कौन्सिलांसाठी सविस्तर मार्गदर्शन

११ मार्च २०२० रोजी नागपुरात करोनाचा पहिला रुग्ण सापडला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. त्या वर्षी झावळ्यांचा रविवार (ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहाचा पहिला दिवस) ५ एप्रिलला होता, म्हणजे पवित्र सप्ताहाची तयारी अर्ध्यावर असतानाच चर्चची दारे बंद झाली. राज्यातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या पाडव्याला उघडली, दुसऱ्या लाटेत एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी पुन्हा सुरू झाली. पुढची साथ कधी येईल हे कोणी सांगू शकत नसले, तरी आली तर पहिल्या आठवड्यात काय करायचे हे आजच ठरवून ठेवता येते. या लेखात पॅरिश कौन्सिलांसाठी, म्हणजे कॅथलिक धर्मग्रामांच्या सल्लागार समित्यांसाठी, त्या कामांची माहिती दिली आहे. मागच्या वेळी बहुतेकांच्या मनात पहिला विचार कॅमेऱ्याचा, म्हणजे चर्चमधील उपासनेच्या थेट प्रक्षेपणाचा आला. माझ्या मते त्याचा नंबर बराच नंतर लागतो. आधी माणसांची यादी, मग आजारी आणि मृत्युशय्येवरचे, मग दफन, आणि हे सगळे मार्गी लागल्यावर प्रक्षेपण. खालच्या पायऱ्यांचे आकडे फक्त मांडणीच्या सोयीसाठी आहेत, महत्त्वाचा क्रम हाच.

पहिली पायरी: यादी

धर्मग्रामाची (पॅरिशची, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या कॅथलिक कुटुंबांच्या समूहाची) कुटुंबनोंदवही बहुतेक ठिकाणी असते, परंतु ती वार्षिक वर्गणीच्या सोयीने लिहिलेली असते आणि साथीत तिचा फारसा उपयोग होत नाही. प्रत्येक घराच्या नोंदीत लेआउटचे नाव, प्लॉट क्रमांक आणि जवळची ओळखीची खूण, दोन फोन क्रमांक, साठीच्या पुढची माणसे, अंथरुणाला खिळलेले किंवा डायलिसिसवर असलेले रुग्ण, एकटे राहणारे कोण, स्मार्टफोन कोणाकडे नाही आणि घरात कोणती भाषा बोलली जाते, एवढे तरी असावे. नागपुरात शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. एकाच धर्मग्रामात मराठी, हिंदी, तमिळ, मल्याळम आणि कोकणी बोलणारी घरे असतात, आणि तापाने फणफणलेली म्हातारी बाई आपले दुखणे परक्या भाषेत सांगत बसत नाही.

जी माणसे नोंदवहीत नसतातच, त्यांचा शोध मुद्दाम घ्यावा लागतो. हॉस्पिटलच्या होस्टेलमध्ये राहणाऱ्या केरळच्या नर्सेस, अजनीच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये नुकतीच बदली होऊन आलेली कुटुंबे, हिंगणा रोडच्या कारखान्यांत काम करणारे झारखंड-छत्तीसगडचे आदिवासी तरुण, भाड्याच्या खोलीतले विद्यार्थी, हे सगळे रविवारी मागच्या बाकावर बसून निघून जातात आणि संकटात सर्वांत आधी एकटे पडतात. मिस्सेनंतर (चर्चमधील मुख्य उपासनेनंतर) दारात वही घेऊन उभे राहिल्यास महिन्याभरात ही उणीव भरून निघते.

यादी तयार झाल्यावर साधारण पंधरा घरांमागे एक फोन करणारी व्यक्ती नेमावी. लहान ख्रिस्ती समूहांचे प्रमुख, व्हिन्सेंट डी पॉल संस्था किंवा लिजन ऑफ मेरी या कॅथलिक संघटनांचे सदस्य या कामाला योग्य असतात, कारण लोक त्यांना ओळखतात. आठवड्यातून दोन फोन पुरेसे आहेत. मात्र काय विचारायचे हे ठरवून द्यावे. ‘सगळं ठीक ना?’ या प्रश्नाला ‘हो, ठीकच आहे’ याखेरीज दुसरे उत्तर येत नाही. ‘काल रात्री काय जेवलात?’, ‘बीपीच्या गोळ्या किती दिवस पुरतील?’, ‘घरात कोणाला ताप किंवा खोकला?’, ‘फादरांशी बोलायचंय का?’ असे थेट विचारले की खरी माहिती मिळते. आजाराची माहिती कोणत्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नये, ती धर्मगुरू आणि एका समन्वयकापाशीच राहावी. हा नियम एकदा मोडला की लोक पुढे ताप लपवतात.

दुसरी पायरी: कोणाचा आदेश कशासाठी

साथीत दोन ठिकाणांहून आदेश येतात आणि त्यांची सरमिसळ झाली की गोंधळ होतो. किती लोक जमावेत, कोणता भाग प्रतिबंधित आहे, प्रार्थनास्थळ उघडे की बंद, हे राज्य शासन, जिल्हाधिकारी आणि महापालिका आयुक्त ठरवतात. त्यामागे १८९७ चा साथरोग कायदा आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा असतो. उपासना कशी करायची, रविवारच्या मिस्सेच्या बंधनातून सूट द्यायची का, हे आर्चबिशप ठरवतात. पॅरिश कौन्सिलने या दोन्हींपैकी काहीही स्वतःच्या मनाने सैल किंवा कडक करू नये. आदेशाची प्रत, तारीख आणि मुदत एका फाइलमध्ये लावावी आणि ‘आदेश निघाला म्हणतात’ अशा फॉरवर्डवर कधीही कृती करू नये.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जून २०२० मध्ये प्रार्थनास्थळांसाठी काढलेल्या सूचनांत मूर्ती आणि ग्रंथांना स्पर्श, समूहगायन, प्रसादवाटप आणि तीर्थ शिंपडणे यांना मनाई होती. त्यात ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर, म्हणजेच ख्रिस्तशरीर किंवा कम्युनियन) मोडतो की नाही, असा प्रश्न साहजिकच उभा राहतो. श्रद्धेच्या दृष्टीने ख्रिस्तशरीर आणि प्रसाद या वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्याला ठाऊक असते, पण गेटवर उभ्या असलेल्या पोलीस हवालदाराला ते ठाऊक असण्याचे कारण नाही. अशा वेळी वाद न घालता आर्चबिशप हाऊसमार्फत लेखी खुलासा मागवावा आणि त्याची प्रत सॅक्रिस्टीत (वेदीलगतच्या तयारीच्या खोलीत) ठेवावी.

रविवारच्या बंधनाबद्दल अनेकांच्या, विशेषतः वयस्क लोकांच्या मनात अपराधाची भावना घर करते. गंभीर कारणामुळे मिस्सेला येणे अशक्य असेल, तर कॅनन कायद्याचे (चर्चच्या अंतर्गत कायद्याचे) कलम १२४८ शब्दोपासनेची (बायबलवाचन आणि प्रार्थनेच्या विधीची) किंवा घरातील प्रार्थनेची शिफारस करते. जे अशक्य आहे त्याचे बंधन उरत नाही. ही गोष्ट फोनवर स्पष्ट शब्दांत सांगावी, कारण हृदयविकार असलेले आजोबा केवळ पापाच्या भीतीने गर्दीत येऊन उभे राहू शकतात.

तिसरी पायरी: घरातील रविवार

घरच्या उपासनेला ठरलेली वेळ हवी, नाही तर ती दुपारच्या जेवणानंतर ‘करूया नंतर’ म्हणून राहून जाते. धर्मग्रामातील नेहमीच्या मिस्सेचीच वेळ ठेवल्यास उत्तम, आणि त्या वेळी चर्चची घंटा वाजवता येत असेल तर ती जरूर वाजवावी. टेबलावर स्वच्छ कापड, क्रूस, मेणबत्ती आणि बायबल ठेवावे. क्रूसाची खूण, क्षमायाचना, त्या रविवारचे शुभवर्तमान, दोन-तीन मिनिटांची शांतता, घरातील प्रत्येकाची एक विनंती, ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’, आध्यात्मिक कम्युनियनची प्रार्थना आणि शेवटी आशीर्वादाची याचना, असा अर्ध्या तासात बसणारा क्रम पुरतो. शुभवर्तमान आळीपाळीने वाचावे. वडीलच दर आठवड्याला वाचतात तिथे मुले तिसऱ्या रविवारी उठून जातात.

आध्यात्मिक कम्युनियनची जी प्रार्थना सर्वत्र म्हटली जाते ती अठराव्या शतकातील संत अल्फोन्सस लिग्वोरी यांची आहे. आशय सोपा आहे: प्रभू, तू पवित्र साक्रामेंतात (ख्रिस्तप्रसादात) आहेस असा माझा विश्वास आहे, तुला स्वीकारण्याची ओढ आहे, आज ते शक्य नाही, म्हणून निदान आत्म्याने माझ्या अंतःकरणात ये. ही प्रार्थना मराठी, हिंदी आणि तमिळमध्ये छापून एका पानावर प्रत्येक घरी पोहोचवावी. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यांच्यासाठी हे छापील पान फार मोलाचे असते.

चौथी पायरी: प्रक्षेपण

यावर फार वेळ घालवू नये. एक मोबाइल, एक स्थिर स्टँड, आणि मिक्सरमधून थेट फोनमध्ये येणारा आवाज एवढे असले की झाले. चित्र अंधूक असले तर लोक सहन करतात, आवाज घुमला तर बंद करतात. २५ मार्च २०२० च्या व्हॅटिकनच्या आदेशात पवित्र सप्ताहाचे विधी थेट दाखवावेत, आधी मुद्रित केलेले नव्हेत, असे सुचवले होते. तोच नियम दर रविवारी पाळावा. कॅमेरा वेदीवर ठेवावा, वाचन करणाऱ्या मुलांच्या चेहऱ्यांवर नव्हे. कॅथेड्रलमधून मिस्सा दाखवली जात असेल, तर छोट्या धर्मग्रामाने स्वतंत्र प्रक्षेपणाचा हट्ट धरू नये. आपल्या फादरांचे पाच मिनिटांचे बोलणे लोकांना जास्त आधार देते.

सेमिनरी हिल्सवरची सेमिनरी ज्या संत चार्ल्स (बोरोमिओ, मिलानचे आर्चबिशप) यांच्या नावाने ओळखली जाते, त्यांनी १५७६ च्या प्लेगमध्ये मिलान शहरात चौकाचौकांत वेद्या उभारायला लावल्या होत्या, जेणेकरून घरात कोंडलेल्या लोकांना खिडकीतून मिस्सा पाहता यावी. क्वार्टर्सच्या किंवा फ्लॅट स्कीमच्या मोकळ्या आवारात, परवानगी घेऊन, हे आजही करता येते. गॅलरीत उभे राहून केलेला आमेन मोबाइलवरच्या मिस्सेपेक्षा कितीतरी जवळचा असतो.

पाचवी पायरी: आजारी आणि मृत्युशय्येवरचे

पुरेशी तयारी नसेल तर सर्वांत मोठे नुकसान येथे होते, म्हणून कौन्सिलने सर्वाधिक वेळ या कामाला द्यावा.

प्रथम धर्मगुरू ठरवावेत. रुग्णाभ्यंगाचा (आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करण्याचा) संस्कार केवळ बिशप किंवा धर्मगुरू देऊ शकतात. सिस्टर, डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पदाचा सेवक) किंवा प्रापंचिक व्यक्ती तो देऊ शकत नाहीत. त्यामुळे शेजारच्या तीन-चार धर्मग्रामांनी मिळून वयाने तरुण आणि निरोगी असे दोन धर्मगुरू या कामासाठी वेगळे ठेवावेत, त्यांची राहण्याची सोय वयस्क धर्मगुरूंपासून स्वतंत्र करावी आणि मेयो, मेडिकल या शासकीय रुग्णालयांच्या तसेच खासगी रुग्णालयांच्या प्रशासनाला त्यांची नावे आधीच कळवून ठेवावीत. मध्यरात्री वॉर्डाच्या दारात ओळख पटवत बसण्याइतका वेळ कोणापाशी नसतो.

प्रत्यक्ष विधी थोडक्यात करावा. फादरांनी पीपीई किट, एन-९५ मास्क आणि हातमोजे घालावेत. एका लहान डबीत तेलात भिजवलेला कापूस आणि काडीला गुंडाळलेले कापसाचे बोळे न्यावेत. कॅनन कायद्याचे कलम १००० गंभीर कारण असल्यास हाताऐवजी साधन वापरण्याची मुभा देते, म्हणून कापसाच्या काडीने कपाळावर आणि हातांवर अभ्यंग करता येते. एक काडी एकाच रुग्णासाठी वापरावी. नंतर ती रुग्णालयाच्या जैववैद्यकीय कचऱ्यात न टाकता, नर्सशी आधी बोलून, छोट्या पाकिटात बंद करून आणावी आणि जाळावी. नर्सने त्याला मनाई केल्यास तिचे ऐकावे. पुस्तक आत नेऊ नये. प्रार्थना एका कागदावर लिहून न्यावी आणि तो कागद तिथेच टाकून द्यावा.

वॉर्डात प्रवेशच मिळत नसेल तर? २० मार्च २०२० रोजी व्हॅटिकनच्या अपोस्टोलिक पेनिटेन्शरीने (पापक्षमेचे विषय पाहणाऱ्या कार्यालयाने) सामुदायिक, म्हणजे एकेकाची पापकबुली न घेता दिल्या जाणाऱ्या पापक्षमेबाबत सूचना काढली. त्यात मृत्यूच्या धोक्यात असलेल्या रुग्णांच्या वॉर्डाच्या दाराशी उभे राहून, शक्य तर आवाज मोठा करणाऱ्या साधनाने, पापक्षमा देता येईल असे उदाहरण दिले होते. कुठे अशी गंभीर गरज आहे हे बिशप ठरवतात, आणि अचानक वेळ आल्यास धर्मगुरूंनी त्यांना शक्य तितक्या लवकर कळवायचे असते. फोनवरून किंवा व्हिडिओ कॉलवरून प्रायश्चित्त संस्कार (पापकबुली आणि क्षमेचा विधी) मात्र देता येत नाही. फोनवर फादर धीर देऊ शकतात, प्रार्थना करू शकतात आणि पश्चात्तापाची प्रार्थना म्हणून घेऊ शकतात.

ही शेवटची गोष्ट लहान समजू नये. देवावरील प्रेमापोटी झालेला परिपूर्ण पश्चात्ताप, संधी मिळताच प्रायश्चित्त घेण्याच्या निश्चयासह, गंभीर पापांचीही क्षमा मिळवून देतो, ही चर्चची जुनी शिकवण आहे. त्याच मार्चमधील आदेशानुसार अभ्यंग मिळू न शकलेल्या मरणासन्न व्यक्तीसाठीही संपूर्ण दंडमाफीची (पापाची क्षमा झाल्यावरही उरणाऱ्या शिक्षेच्या माफीची) तरतूद होती. जिने आयुष्यात काही प्रार्थना नेमाने केल्या असतील आणि जिचे मन तयार असेल, तिच्यासाठी उरलेली पूर्तता चर्च स्वतः करते. जवळ क्रूस असावा, अशी त्यात शिफारस होती. म्हणून रुग्ण ॲम्ब्युलन्समध्ये चढण्यापूर्वीच घरच्यांनी त्याच्या पिशवीत चार्जर, आधार कार्ड आणि गोळ्यांबरोबर एक लहान क्रूस, जपमाळ आणि पश्चात्तापाच्या प्रार्थनेचा कागद ठेवावा. चार्जर विशेष करून. फोन बंद पडला की घरचे आणि फादर दोघेही तुटतात.

नवजात बाळ दगावण्याची भीती असेल, तर योग्य हेतू असलेली कोणतीही व्यक्ती, अगदी ड्युटीवरची नर्सही, बाप्तिस्मा देऊ शकते. बाळाच्या डोक्यावर पाणी ओतत ‘मी तुला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देते’ एवढे म्हणावे. तारीख, वेळ आणि साक्षीदार लिहून ठेवून धर्मग्रामाच्या वहीत नोंद करावी.

सहावी पायरी: दफन

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्च २०२० च्या सूचनांत दफन आणि दहन दोन्हींना परवानगी होती. मृतदेहाच्या पिशवीची चेन उघडून नातेवाइकांना चेहरा दाखवणे, शास्त्रवाचन करणे, पवित्र पाणी शिंपडणे हे स्पर्श न करता चालत होते. आंघोळ घालणे, मिठी मारणे, चुंबन घेणे याला मनाई होती. ही सूचना छापून फाइलमध्ये ठेवावी, कारण प्रत्यक्ष जागेवरचे कर्मचारी धास्तीपोटी याहून जास्त निर्बंध लावतात आणि त्या क्षणी कागदाचा उपयोग होतो.

दफनभूमीची सोय साथ येण्याआधीच पाहावी. जरीपटक्यासारख्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत जागा किती उरली आहे, खोदणारे मजूर कोण, जेसीबी आत वळतो का, कुटुंबाची जुनी कबर उघडण्याचे कागद कोणाकडे आहेत, हे एका पानावर लिहून ठेवावे. चार-सहा तरुणांना किट घालणे आणि, त्याहून महत्त्वाचे, ते काढणे शिकवून ठेवावे, कारण किट काढताना होणारी चूक अधिक धोक्याची असते. पिशवीवरचे नाव आणि कागदावरचे नाव दोघांनी मोठ्याने वाचून जुळवल्याशिवाय पिशवी खाली उतरवू नये.

दहनाची वेळ आलीच, तर कुटुंबाला दोषी वाटू देऊ नये. चर्च दफनाची आग्रहाने शिफारस करते, पण दहनाला मनाई करत नाही. २०१६ च्या व्हॅटिकनच्या निर्देशानुसार अस्थी विखुरायच्या नसतात, त्या पवित्र स्थळी ठेवायच्या असतात. म्हणून कलश दफनभूमीत प्रार्थनेसह पुरावा. कबरीपाशी वीस जणच येऊ शकले, तरी नंतर निर्बंध उठल्यावर त्या व्यक्तीची मिस्सा नावानिशी ठेवावी. दहा जणांची मिळून एकच मिस्सा करून विषय संपवला, तर घरच्यांच्या मनात ती गोष्ट कायम सलत राहते.

सातवी पायरी: दार उघडल्यानंतर

आधी हिशेब मांडावा. समजा चर्चमध्ये तीनशे जण बसतात आणि अंतर ठेवून शंभरच बसू शकतात. धर्मगुरू एकटेच असतील तर बिशपच्या परवानगीने रविवारी जास्तीत जास्त तीन मिस्सा होऊ शकतात, म्हणजे एकूण तीनशे. धर्मग्राम नऊशेचे असेल तर प्रत्येकाला तीन आठवड्यांतून एकदा वाट्याला येते. हे लोकांना आकड्यांत सांगितले की तक्रारी कमी होतात. समूहांनुसार पाळी लावावी आणि कामाला जाणाऱ्यांसाठी आठवड्यातली एक संध्याकाळची मिस्सा राखून ठेवावी.

हवा खेळती ठेवणे हे सॅनिटायझरच्या बाटल्यांहून अधिक महत्त्वाचे आहे. एप्रिल-मे महिन्यांत नागपूरच्या चर्चमध्ये कूलरशिवाय बसणे शक्य नसते, आणि योग्य रीतीने लावलेला कूलर साथीत उपकारकच ठरतो. तो खिडकीला, बाहेरच्या बाजूला असावा, म्हणजे बाहेरची हवा आत येते, आणि समोरच्या भिंतीच्या खिडक्या पूर्ण उघड्या असाव्यात, म्हणजे आतली बाहेर जाते. हॉलच्या मधोमध ठेवलेला कूलर आतलीच हवा फिरवतो. एसी असेल तर तो बंद ठेवून दारे उघडावीत. मिस्सा सकाळी सहाला ठेवली तर उन्हाचा त्रासही वाचतो. दोन मिस्सांमध्ये अर्धा तास चर्च रिकामे ठेवावे.

कम्युनियनची रांग ही सर्वांत नाजूक जागा. वेदीवरील सिबोरियम (ख्रिस्तप्रसादाचे पात्र) झाकलेले असावे. फादरांनी वाटपाआधी साबणाने हात धुवावेत, मास्क लावावा. ‘ख्रिस्ताचे शरीर’ आणि ‘आमेन’ हे संवाद सर्वांनी मिळून एकदाच म्हणावेत व वाटप शांततेत करावे. ख्रिस्तशरीर तळहातावर ठेवावे, व्यक्तीने दोन पावले बाजूला सरकून मास्क खाली करावा, तिथेच ग्रहण करावे आणि मगच जागेवर जावे. कोणीही ते हातात घेऊन बाकापर्यंत किंवा घरी नेऊ नये, यासाठी एक स्वयंसेवक बाजूला उभा असावा. अल्कोहोलचे सॅनिटायझर पूर्ण सुकल्याशिवाय मेणबत्तीजवळ जाऊ नये. वेदीसेवक मुलांना हे दर रविवारी सांगावे.

सोडियम हायपोक्लोराइटने पितळी दिवे, संगमरवरी वेदी आणि पॉलिशचे बाक खराब होतात, तिथे साबणाचे पाणी पुरते. माणसांवर कसलीही फवारणी करू नये. गायनवृंदाऐवजी एकच गायक, पवित्र पाण्याची भांडी रिकामी, शांतीची खूण हात जोडून.

सणांचे नियम दरवर्षी बदलतात, पण दोन नमुने लक्षात ठेवण्याजोगे आहेत. २०२० च्या पवित्र सप्ताहात आज्ञा गुरुवारी (गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी) पाय धुण्याचा विधी वगळला गेला आणि गुड फ्रायडेला क्रूसाचे चुंबन फक्त विधी चालवणाऱ्या धर्मगुरूपुरते ठेवले गेले. २०२१ च्या राखेच्या बुधवारी (ईस्टरपूर्व उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी) फादरांनी सूत्र सर्वांसाठी एकदाच म्हणून, हात स्वच्छ करून, मास्क लावून, काही न बोलता डोक्यावर राख टाकायची, अशी सूचना होती.

पैसा, शिधा आणि कागद

मिस्सा बंद की झोळी बंद, आणि चर्चचा आचारी, घंटी वाजवणारा, सफाई करणाऱ्या बाया यांचा पगार त्याच झोळीतून निघतो. त्यांचा तीन महिन्यांचा पगार राखीव असावा. क्यूआर कोड धर्मग्रामाच्या ट्रस्टच्या खात्याचाच लावावा, कोणा सदस्याच्या वैयक्तिक खात्याचा कधीही नाही, आणि पावती द्यावीच. मिस्सेच्या विनंत्यांची वही नियमाने भरावी, कारण टाळेबंदीत फोनवर स्वीकारलेल्या विनंत्या विसरल्या जातात.

शिधा देताना धर्म विचारू नये आणि फोटो काढू नये. तांदूळ, कणीक, तूरडाळ, तेल, मीठ, तिखट, साबण यांच्याबरोबर सॅनिटरी पॅड आणि गॅस सिलिंडरसाठी थोडी रक्कम, याचा विचार क्वचितच होतो. नागपूरवरून जाणाऱ्या हैदराबाद–जबलपूर मार्गावर २०२० च्या उन्हाळ्यात चालत निघालेल्या मजुरांना शिध्यापेक्षा शिजवलेले अन्न, पाणी आणि चपलांची गरज होती, म्हणून कोणाला काय हवे हे आधी विचारावे.

शेवटी नोंदी. टाळेबंदीतील बाप्तिस्मे, मृत्यू, पुढे ढकललेले पहिले कम्युनियन आणि विवाह यांची वेगळी वही ठेवून निर्बंध उठताच ती मूळ वह्यांत उतरवावी. २०२० मध्ये व्हॅटिकनने मृतांसाठीची दंडमाफी संपूर्ण नोव्हेंबर महिनाभर वाढवली होती. तशी सवलत पुन्हा मिळाल्यास दफनभूमीच्या भेटीच्या पाळ्या याच वहीवरून लावता येतात. कुटुंबांची यादी दरवर्षी आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या तयारीच्या काळाच्या) पहिल्या आठवड्यात तपासून तिची एक सीलबंद प्रत आर्चबिशप हाऊसला पाठवावी, कारण फादर स्वतःच आजारी पडले तर बदली येणाऱ्या धर्मगुरूंना पहिल्या दिवशी तीच लागते.